गादीले शिवलं

सरांच्या पँटला नाडी होती. पँट टेरिकॉटची, इस्त्रीची घडी कडक, पुढे दोन चुण्या, आणि कमरेला पायजम्यासारखी नाडी. चेन नाही, हूक नाही, पट्टा नाही. शर्टाची बटणं लाकडी, चष्मा प्लॅस्टिकचा, पायात रबरी चपला. एमआरआयच्या खोलीत लोखंड नेता येत नाही. दरवेळी पट्टा काढा, किल्ल्या काढा यात वेळ जातो म्हणून त्यांनी एकदाच काय तो निकाल लावून टाकला होता. खरं म्हणजे त्यांना त्या खोलीत जायची गरजच नव्हती. ते रेडिओलॉजिस्ट होते. फोटो काढायचे आम्ही टेक्निशियननी, आणि त्यांनी आपल्या खोलीत बसून ते पाहायचे, रिपोर्ट द्यायचा. पण पेशंटला टेबलावर झोपवताना सर तिथे हजर असत.

आत थंडी असते म्हणून अर्धा स्वेटर. बाहेर पडताना तो काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. मे महिन्यात, सेक्टरच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही तेव्हा, सर अर्ध्या स्वेटरात समोरच्या टपरीवर चहा पीत उभे असत. टपरीवर नवीन आलेल्या माणसानं मला एकदा हळूच विचारलं होतं, मॅडम, साहब को मलेरिया है क्या?

मी त्या सेंटरमध्ये लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचं घर छत्तीसगढात, रिसालीला, बाबा स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, माझी शाळा इंग्लिश मीडियमची. रेडिओग्राफीचा डिप्लोमा मी का निवडला हे मी घरी कधी सांगितलं नाही. या कामात आपण काचेच्या अलीकडे असतो आणि माणूस पलीकडे. त्याला फक्त ‘हलू नका’ एवढं सांगायचं असतं, तेही माइकवरून. मला अनोळखी माणसांशी बोलायला जड जाई. अजूनही जातं. मराठी मी घरात बोलायचे, दाराबाहेर हिंदी, आणि लिहायचं ते सगळं इंग्रजीत.

सरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, कॉन्व्हेंट. माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती. हे मी त्यांना दोन वर्षांत सांगू शकले नाही.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. बायको गेल्यापासून एकटे राहत. स्वतःची भाजी स्वतः चिरत, कपड्यांची डागडुजीही स्वतःच करत. आता ते नागपूरला मुलीकडे असतात, आणि तिथे ते कोणत्या बाकावर जाऊन बसत असतील असा विचार माझ्या मनात येतो. कारण आमच्याकडे सकाळी आल्यावर ते आपल्या खोलीत जात नसत. वेटिंग हॉलमध्ये पेशंटांच्या बाकावर पेपर उघडून बसत. शेजारचा विचारी, आपको क्या हुआ है? सर सांगत, घुटना. ते खोटं नव्हतं, त्यांचा गुडघा खरंच दुखत असे. मग शेजारचा आपल्या गुडघ्याची कथा लावी. कुठे पडला, कोणी चोळून दिलं, कोणत्या डॉक्टरपासून काय लपवलं. तासाभरानं तोच माणूस टेबलावर झोपलेला असे आणि बाकावरचा पेपरवाला म्हातारा त्याच्या पायाखाली उशी सरकवत असे. ते चेहरे मी काचेतून पाहायचे. आधी गोंधळ, मग ओशाळं हसू. एक बाई मात्र रागावली होती. पहले बता देते, तो मैं सास की बात नहीं करती, म्हणाली.

मालक या सगळ्याला वैतागलेले असत. दुसऱ्या सेंटरचे रिपोर्ट संध्याकाळी मिळतात, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. शिवाय सर कोणाचं ऐकत नसत. हाडांचे डॉक्टर फोनवर त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून घाईनं ठेवून देत, कारण तिसऱ्या वाक्याला सर उलट प्रश्न विचारू लागत. रिपोर्टात ‘नॉर्मल’ हा शब्द ते कधीही लिहीत नसत. ‘मला दोष दिसला नाही’ असं लिहीत. एका डॉक्टरनं यावरून त्यांना चिडवलं होतं, की पेशंट विचारतात, साहेबांचे डोळे कमजोर आहेत का.

माझं आणि त्यांचं भांडण, म्हणजे त्यांचं बोलणं आणि माझं गप्प राहणं, एका फॉर्मवरून असे. पेशंटला काय होतंय, आधी ऑपरेशन झालंय का, हे आत नेण्यापूर्वी टेक्निशियननं विचारून लिहायचं असतं. फॉर्म इंग्रजीत होता. मी सुंदर अक्षरात, पूर्ण वाक्यांत लिहायचे. सर वाचत आणि कागद माझ्याकडे परत सरकवत.

“हे तू म्हणतेस. तो काय म्हणाला?”

तो म्हणाला, सर, की पडलो.

“कुठून?”

ते मी विचारलेलं नसे. सरांचा हट्ट असा, की पेशंटचं वाक्य त्याच्या तोंडून जसं निघालं तसं, ज्या भाषेत निघालं त्या भाषेत, देवनागरीत खाली लिहायचं. हिंदी तर हिंदी, छत्तीसगढी तर छत्तीसगढी. मला ते गावंढळ वाटे. छापील इंग्रजी फॉर्मवर ‘माड़ी पिरात हे’, म्हणजे गुडघा दुखतोय, असं लिहिलं, की मला वाटे आपलं सगळं शिक्षण वाया गेलं. मी समोर मान डोलवायचे आणि ते खोलीत गेले की पुन्हा इंग्रजीत लिहायचे.

“तुझं इंग्रजी लय छान आहे, कॉन्व्हेंट,” ते म्हणत. “पण पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही.”

एकदा हथखोजच्या एका कारखान्यातला माणूस आला. ग्राइंडरवर काम करणारा. डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर एमआरआयचा चुंबक तो आतल्या आत हलवू शकतो, म्हणून अशा लोकांना विचारावंच लागतं. मी विचारलं, आँख में कभी लोहा गया है? तो म्हणाला, नहीं. मी ‘नो’वर टिक केली. सर त्याच्या हातांकडे बघत उभे होते. त्यांनी विचारलं, किरकिरी जाती है? माणूस हसला. वो तो हर हफ्ते जाती है साहब, दोस्त लोग माचिस की काड़ी से निकाल देते हैं. सरांनी त्याला आधी डोळ्यांच्या एक्सरेला पाठवलं. उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका होता, राईच्या दाण्याच्या चौथाईएवढा. त्याच्या भाषेत ती नुसती किरकिरी होती, बारीक कण; लोहा नव्हताच. लोहा म्हणजे गर्डर, लोहा म्हणजे प्लेट.

त्या दिवशी मी घाबरले होते. पण माझी सवय गेली नाही. लाजऱ्या माणसाला दुसरा प्रश्न विचारणं फार कठीण असतं. पहिल्याच उत्तरावर टिक करून मोकळं व्हावंसं वाटतं.

आता त्या गुडघ्याबद्दल सांगते.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. पुस्तकात मेनिस्कस, पण आमच्याकडे येणारे सगळे गादीच म्हणतात. चांगली गादी आमच्या फोटोत काळी दिसते. ती फाटली की काळ्यात पांढरी रेघ येते आणि कडेपर्यंत पोचते. इथपर्यंत सोपं. पण एकदा ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचा फोटो वाचणं वेगळं. फाटलेला तुकडा काढून टाकला असेल तर गादीचा आकारच बदलतो. टाके घालून जोडली असेल, तर जोड पक्का झाला तरी ती रेघ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. सरांनी मला हे आपल्या पांढऱ्या कोटाचा रफू केलेला खिसा दाखवून समजावलं होतं. “रफू केलेलं दिसतंच. दिसतं म्हणून ते फाटलेलं नाही.” म्हणून आधी काय केलं होतं ते माहीत पाहिजे, शक्य तर ऑपरेशनच्या आधीचा फोटो शेजारी पाहिजे. नाहीतर जुळलेल्या गादीला फाटलेली म्हणून आपण मोकळे होतो.

ती बाई चरोद्याहून आली होती. रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन. बाई असली तरी शब्द पॉइंट्समनच. मालगाडीचे डबे जोडणं-तोडणं, रुळांचे सांधे बदलणं, डब्याच्या शिडीवर उभं राहून झेंडी दाखवणं, हे काम. नवऱ्याच्या जागी लागलेली. पस्तिशीची, काटक, बोलणं आमच्या घरच्यासारखं, गोंदियाकडचं. दहा महिन्यांपूर्वी शिडीवरून उतरताना खडीवर पाय मुरगळला होता आणि नागपूरला, भावाकडे राहून, ऑपरेशन झालं होतं. कागदांची फाइल नागपूरलाच राहिली होती. आता शुक्रवारी रेल्वेच्या डॉक्टरांसमोर तपासणी होती. यार्डात जायला फिट की अनफिट. अनफिट ठरली तर हलकं काम मिळेल, पण जिथे जागा असेल त्या गावी. म्हणजे क्वार्टर सोडायचं, नववीतल्या मुलीची शाळा सोडवायची. हे तिनं मला न विचारताच सांगितलं. “आन्‌ मले थे टेबलावरचं काम जमत नाई, ताई. मी यार्डातलीच बाई होय.”

मी विचारलं, ऑपरेशनमध्ये काय केलं?

ती म्हणाली, “गादीले शिवलं म्हने. काढली नाई.”

आमच्या घरी शिवणं हा शब्द एकाच ठिकाणी वापरला जायचा. आई पूजा करताना म्हणायची, थांब, देवाला शिवू नको. शिवणं म्हणजे हात लावणं. कपडे आम्ही टेलरकडे ‘सिलायला’ द्यायचो. ‘सिलाई’ उसवायची, ब्लाउज ‘सिलून’ यायचं. त्या कामालाही मराठीत शिवणंच म्हणतात हे मला खरोखर माहीत नव्हतं. मला ऐकू आलं ते असं, की डॉक्टरांनी दुर्बिणीनं आत पाहिलं, गादीला हात लावून बघितला आणि ती ठेवून दिली. थोडं विचित्र वाटलं. पण वाक्याचा अर्थ लागत होता, आणि दुसरा प्रश्न मी विचारला नाही. मी लिहिलं, ‘Diagnostic arthroscopy done. Meniscus probed, not operated upon.’ आत जाऊन नुसतं पाहिलं, गादीला चाचपलं, पण तिच्यावर काही केलं नाही. वाक्य लिहून झाल्यावर मला समाधान वाटलं होतं हेही आठवतं.

एरवी सर बाकावर बसलेले असते आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं असतं. पण त्या मंगळवारी सकाळी मशीन गार ठेवणारा चिलर बंद पडला होता. दुपारी तो चालू झाला तेव्हा हॉल भरलेला होता आणि मालक दारात उभे होते. सर त्या दिवशी खोलीतून उठले नाहीत. एकामागून एक रिपोर्ट सांगत गेले, मी टाइप करत गेले. तिच्या फोटोत आतल्या गादीच्या मागच्या भागात रेघ होती, खालच्या कडेला पोचलेली. सरांनी माझा फॉर्म वाचला, फोटो पाहिला आणि सांगितलं, टिअर, म्हणजे गादी फाटली आहे. बुधवारी तिनं रिपोर्ट नेला.

गुरुवारी सकाळी मी आले तेव्हा मंगळवारचे घाईतले फोटो पुन्हा तपासायला सर कधी नव्हे ते माझ्या आधी येऊन, माझ्या खुर्चीवर, तिचे फोटो पडद्यावर लावून बसले होते. त्यांनी मला गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मागे, कातडीखाली एक बारीक काळपट पट्टा दाखवला. जुन्या चिरेचा वण.

“नुसतं पाहायला पुढची दोन भोकं पुरतात,” ते म्हणाले. “मागून चीर कावून दिली असंल?”

मला उत्तर माहीत होतं. मागून चीर देतात ती आतले टाके बाहेर ओढून गाठ मारायला.

“ती बाई काय म्हणाली होती? तुझं इंग्रजी नको. तिचे शब्द.”

मी सांगितले. गादीले शिवलं म्हने. काढली नाई.

सरांनी कोटाचा तोच खिसा पुढे केला आणि विचारलं, हे मी काय केलंय? मी म्हटलं, सिलाई. मराठीत? मी पुन्हा सिलाईच म्हटलं. त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मी बाकावर बसलो नाही काल-परवा,” आणि चपला शोधू लागले.

फॉर्मवरचा नंबर लागत नव्हता. तपासणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. फॉर्मवर क्वार्टर नंबर होता. सरांनी नवे फोटो गुंडाळून माझ्या हातात दिले आणि स्कूटर काढली. त्यांच्यामागे बसून मी चरोद्याला गेले. ते इतकी हळू चालवत होते की ट्रकवाले हॉर्न देऊन थकले. मी मनात एक वाक्य जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग हिंदीत.

दार तिनंच उघडलं. आत मुलगी जमिनीवर वह्या पसरून बसली होती. भिंतीशी दोन पोती बांधून ठेवलेली दिसली, भांड्यांची. शेजारणीनं रिपोर्ट वाचून दाखवला होता आणि ती बाई वाट बघत बसणाऱ्यांतली नव्हती.

सर दारातच म्हणाले, “बाई, तुमच्या रिपोर्टात आमची चूक झाली. म्हून आलो.”

“म्हंजे फाटली नाई?”

“थे मले अजून माईत नाई. ऑपरेशनच्या आधीचा फोटो हाय का तुमच्याजवळ?”

“हाय ना. गादीखाली.”

“कोणत्या?” सरांनी विचारलं, आणि ती बाई, जिचं सामान बांधलेलं होतं, फसकन हसली.

कॉटवरची कापसाची गादी उचलली तर खाली सगळा संसाराचा दस्तऐवज होता. मुलीच्या गुणपत्रिका, नवऱ्याचा नेमणुकीचा कागद, आणि फाइलमध्ये न मावल्यानं तिच्याबरोबर आलेल्या मोठ्या पिवळ्या पाकिटात फोटो. सरांनी जुने आणि नवे खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. एक बाजू मी धरली, एक मुलीनं. आम्ही दोघी हात वर करून उभ्या होतो आणि सर चष्मा कपाळावर नेऊन काचेला नाक लावून पाहत होते. बराच वेळ. जुन्या फोटोत रेघ रुंद होती, पाण्यासारखी पांढरी, कारण फटीत खरंच पाणी शिरलं होतं. नव्यात ती त्याच जागी होती, पण बारीक आणि राखाडी. पाणी शिरल्याचं दिसत नव्हतं. नवीन जागी काहीच नव्हतं.

“ऑपरेशनच्या डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं होतं?” त्यांनी तिला विचारलं.

“या ताईले सांगतलं ना मी. गादीले शिवलं म्हने. चार टाके.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटेत जुळवलेलं वाक्य माझ्याजवळ तयार होतं, ते तोंडात आलंच नाही. मी म्हटलं, “माझं चुकलं. मला वाटलं नुसता हात लावला.”

तिनं ते नीट ऐकलं. मग विचारलं, “तुमी त मराठीच ना?”

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. टोमणा असता तर मी कधीच विसरून गेले असते.

सरांनी विषय पुढे नेला. दुखतं कुठे ते बोटानं दाखवा, म्हणाले. तिनं वाटीच्या पुढे बोट ठेवलं, आतल्या बाजूला नाही. क्वार्टरच्या जिन्यावर चढून दाखवा. ती चढली, पण दर पायरीला चांगला पाय आधी टाकत होती आणि दुसरा मागून ओढून घेत होती. सरांनी मुलीला तिची रिबीन आणायला सांगितली, आईच्या दोन्ही मांड्या आत जाऊन मोजून ये म्हणाले. मुलगी रिबिनीला दोन गाठी मारून घेऊन आली. दोन गाठींत दोन बोटांचं अंतर होतं. दहा महिने जपून जपून त्या पायाची मांडी वाळली होती, आणि दुखणं बहुधा त्याचं होतं.

“मंग मी फिट का?” तिनं विचारलं.

“फोटोवरून फाटली म्हणता येत नाई. शंभर टक्के जुळली असंबी म्हणता येत नाई. सांध्यात औषध टाकून अजून एक फोटो निघते, रायपूरला. तरी बी शिडीवर चढता येते का, थे फोटो नाई सांगत.”

तिला हे उत्तर आवडलं नाही. मलाही नाही. मला वाटत होतं, इतकं करून आलोय तर सरांनी ‘जुळली’ म्हणावं. बांधलेल्या पोत्यांकडे पाहूनही ते तसं म्हणाले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी सुधारलेला रिपोर्ट सांगितला आणि सोबत एक पत्र. ‘पेशंटची माहिती खाली सही करणाऱ्यानं चुकीची नोंदवली.’ खाली सही करणारा म्हणजे ते. मी टाइप करता करता थांबले. सर म्हणाले, सांगतोय तसं लिही. मी लिहिलं नाही. माहिती मी नोंदवली, शब्दाचा अर्थ मी चुकवला, असं माझ्या नावासकट लिहून छापून त्यांच्यापुढे ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नव्हतं, समोरासमोर. त्यांनी वाचलं. मी एका ठिकाणी ‘अनवधानाने’ अशा अर्थाचा लांबलचक इंग्रजी शब्द घातला होता, तो त्यांनी पेनानं खोडला आणि सही केली.

शुक्रवारी ते मलाही घेऊन गेले. रेल्वेचे डॉक्टर तरुण होते, ओडिशाकडचे, हिंदी जपून बोलणारे. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, मी कोणता खरा मानू? सर म्हणाले, दूसरा. पहला मैंने बिना पूछे लिखा था. मग डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे वळून विचारलं की तो शब्द नक्की काय होता. त्या खोलीत सर धरून दोन डॉक्टर होते, एक क्लार्क होता, ती बाई होती. मी सांगितलं, की मराठीत एकच शब्द आहे, छूना पण तोच आणि सिलना पण तोच, यांनी सिलना म्हटलं आणि मी छूना ऐकलं. क्लार्क हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाईला उठवलं, बसवलं, स्वतः खाली बसून गुडघा हातात घेऊन वाकवला, फिरवला. मग निर्णय सांगितला. फिट नाही, अनफिटही नाही. तीन महिने याच यार्डात केबिनमध्ये काम, रोज मांडीचे व्यायाम, आणि मग पुन्हा शिडीसमोर उभं करून बघू.

बाहेर आल्यावर ती सरांना म्हणाली, “तीन महिने म्हंजे लय झाले, डॉक्टरसाहेब.” सर म्हणाले, व्यायाम चुकवले तर आणखी होतील. आभार कोणी कोणाचे मानले नाहीत.

त्यानंतर मी पेशंटची वाक्यं जशीच्या तशी लिहू लागले. माझं देवनागरी अक्षर वाईट आहे, सर वाचताना अडखळत, पण फॉर्म परत सरकवायचे बंद झाले. तिच्याबद्दल आम्ही बोललो नाही. मला मात्र काम करताना मधूनच आठवे, पहिला महिना, दुसरा महिना. एकदा न राहवून मी विचारलं, सर, जुळलीच असेल ना ती? ते दुसऱ्याच कोणाच्या गुडघ्यात बुडालेले होते. “माहीत नाही,” म्हणाले, मान न वळवता.

पाऊस संपून हवा कोरडी झाली होती तेव्हा एका दुपारी सेंटरच्या फोनवर तिचा आवाज आला. मागे डबे एकमेकांवर आदळल्याचा मोठा आवाज, कोणाची तरी शिट्टी. डॉक्टरसाहेबाले द्या, म्हणाली. मी फोन सरांकडे दिला, पण स्पीकर सुरूच राहिला होता, म्हणून मला ऐकू आलं. सोमवारी तपासणी झाली, फिट दिलं, कालपासून शिडीवर, असं ती भराभर सांगत होती. मुलगी बरी आहे. मांडी भरली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “चढताना कोणता पाय आधी टाकता?”

पलीकडे पुन्हा डबे आदळले.

“थे त मी पाह्यलंच नाई,” ती म्हणाली.